मोडी वाचून घेतली, पाटीलकी गेली

सदाशिव पेठेतल्या एका मोडी वाचकांकडून घरचा जुना कागद वाचून घेतला, त्याचा हा अनुभव. त्यांचं नाव देत नाही. आहे तेवढंच काम हातावेगळं होत नाही, असं ते स्वतःच म्हणतात.

कागद आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेतल्या खोलीतून भांडीकुंडी सोडून आजोबांनी तेवढी ट्रंक डोक्यावर घेतली. आत काय लिहिलंय हे घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, पण आत्याला पक्कं ठाऊक होतं : मुळशीकडच्या आपल्या पाटीलकीची सनद! ते गाव धरणात गेलं. 1921 ला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे. पुढे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली. गावाविषयी ते अवाक्षर काढायचे नाहीत, म्हणून आत्याच बोलायची.

आधी मी दुसऱ्या एका मोडीवाल्यांकडे गेले होते. घडी न उलगडताच त्यांनी विचारलं, "काय निघायला हवंय?" 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडीवाल्यांना चांगले दिवस आलेत, पण हा प्रश्न ऐकून मी पिशवी उचलली.

सदाशिव पेठेतले हे काका भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडी वर्गात शिकलेले. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही, मूळ कागदच लागतो. तो दिव्याखाली धरून आधी मोठ्यानं वाचतात, मग लिहून काढतात. मोडीत हात न उचलता लिहायची रीत, शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही; तरी घाई नाही. पुराच्या पाण्यानं शाई पसरली होती तिथे त्यांनी टिंबं दिली आणि समासात लिहिलं, "लागत नाही". अंदाजानं एक शब्द भरला नाही.

निघालं काय, तर गहाणखत. शके 1830, आश्विन, म्हणजे इसवी 1908. साठ रुपयांसाठी पणजोबांनी सावकाराकडे भाताचं खाचर गहाण टाकलेलं. त्यांच्या नावापुढे "बिन" आणि त्यापुढे त्यांच्या वडलांचं नाव. हे नाव आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. श्राद्धाला आम्ही अंदाजपंचे काम चालवत होतो.

खाली कोपऱ्यात एक वेडंवाकडं चित्र आहे. लहानपणापासून मला तो शाईचा डाग वाटायचा. काकांनी त्यावर बोट ठेवलं : "निशाणी नांगर." लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा, तसा हा पणजोबांचा. मी तो बराच वेळ बघत बसले. काकांनीही घाई केली नाही, आत जाऊन चहा टाकून आले.

तक्रारी आहेत. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. टाइप करून दिलेल्या प्रतीत आमचं आडनाव एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ आलंय. कुठल्या कचेरीत जोडायची असेल तर घेण्याआधी नीट तपासा, मी घरी आल्यावर पाहिलं. पानाला चारशे रुपये, निम्मे आगाऊ. तीन जिने चढावे लागतात, गुडघेदुखी असेल तर मुलाला पाठवा.

एक गोष्ट त्यांनी पैसे न घेता सांगितली : आजोबांची 1 जून ही जन्मतारीख मास्तरांनी घातलेली असणार, तेव्हा शाळेचं जनरल रजिस्टर बघून फार हाती लागायचं नाही, तहसिलातले जुने फेरफार काढा, खाचर सुटलं की सावकाराकडेच राहिलं ते त्यात कळेल.

आत्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला नीट वाचता येत नसेल." ट्रंकेत अजून दोन कागद आहेत. ते काकांकडे देऊन आले, आगाऊ भरून.