टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपायी 14,800 रुपयांना लुटलो

"क्रँकचा ऑइल सील गेला भाऊ, गिअरबॉक्स उतरवा लागते," असं कोणी म्हटलं की किल्ली घ्या आणि गाडी घरी आणा. हा सील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल अडवणारी कडी. नागपुरातल्या एका गॅरेजवाल्याने याच वाक्यावर माझ्याकडून 14,800 रुपये उकळले. सील 1,850, गिअरबॉक्स काढ-घाल 6,500, "खोललंच आहे तर" म्हणून क्लच प्लेट 5,200, ऑइल 1,250. पक्कं बिल नाही, नुसती कच्ची चिठ्ठी. पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

गाडी जुनी वॅगन-आर, पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडायचे. मे महिन्याचं ऊन, आईला रोज फिजिओथेरपीला न्यायचं, गाडीवाचून अडलेलं. अशा वेळी माणूस विश्वास टाकतो, आणि हे लोक नेमकं तेच हेरतात.

त्याने जुना सील माझ्या हातावर ठेवला. कोरडा! वर धूळ. ज्या सीलमधून म्हणे महिनोन्महिने तेल गळत होतं, त्याने माझं बोटसुद्धा ओलं झालं नाही. तो सील माझ्या गाडीचा नव्हताच. तिथेच पैसे अडवायला हवे होते, हे आठवलं की आजही रक्त उसळतं. पण गिअरबॉक्सच्या आत काय चाललंय हे गिऱ्हाइकाला दिसतं कुठे?

आठवड्यात डाग परत. मग इंजिन थंड असताना डिझेल लावून पुसून काढलं, खाली वर्तमानपत्र पसरलं, थोडं चालवून टॉर्च मारला. तेल वरून खाली येतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कडेला होती. तिथून ओघळ थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत. आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुन्या चिखलाची खपली जशीच्या तशी! पाना लागलाच नव्हता. क्लचही पूर्वीसारखाच वर पकडतो, म्हणजे प्लेटही बदललेली नाही. (गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका.)

झाकणाखाली तेल अडवणारं 380 रुपयांचं पॅकिंग आणलं. जुनं पापडासारखं तुटून हातात आलं. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे आवळले. जास्त आवळलं तर नवं पॅकिंगही चेंगरतं. डाग बंद.

फोटो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला आहे. गाडी चालून राहिली ना?" फोटो पाहिलेही नाहीत. अर्ज घ्या म्हटलं तर साहेब राउंडला गेलेत. दुसऱ्या दिवशी तेच. पोच मागितली तर "कशाची पोच?" दिवसाढवळ्या न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही, तर काय आहे? माझ्या खिशातून कोणी 14,800 रुपये काढले असते तरी हेच ऐकवलं असतं का?

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. 1915 ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. पैसे यूपीआयने दिले होते म्हणून निदान तेवढा पुरावा आहे. रोख देऊ नका. गॅरेजला गाडी देण्याआधी बोनेटखालचे आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांचे फोटो काढा, आणि काम तुमच्यासमोरच खोलायला लावा.