आई पासष्टची झाली, आता कोणता अर्ज भरायचा?

लाडकी बहीण योजनेचे दीड हजार पासष्टीनंतर बंद होतात आणि मग सगळे श्रावणबाळ योजनेचं, म्हणजे राज्याच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनचं, नाव सुचवतात. रक्कम तीच, महिना 1500. उत्पन्नाची अट मात्र पार वेगळी. लाडकी बहिणीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळला फक्त 21,000. अख्ख्या घराचे महिन्याला 1750 रुपये! वर्षाला दोन लाख मिळवणाऱ्या घरातली बाई चौसष्टाव्या वर्षी पात्र असते आणि हातपाय थकल्यावर अपात्र ठरते. मला हा सरळ अन्याय वाटतो. रोजंदारीवर जाणाऱ्या घरालाही 21,000 चा दाखला खरं बोलून मिळवणं अवघड आहे.

म्हणून आधी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव आहे का ते बघा. असेल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचा अर्ज भरा. केंद्राचे त्यात 200 च असतात, ऐंशीनंतर 500. उरलेले राज्य श्रावणबाळमधून घालतं, हातात 1500 च पडतात. यादीत नाव नसेल तर श्रावणबाळचा गट ब, आणि तिथे उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. 15 वर्षं राज्यात राहिल्याचा पुरावाही लागतो. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका.



दाखला 21,000 च्या वर गेला, तर मुख्यमंत्री वयोश्री योजना पाहा. मर्यादा दोन लाखांची, पण पैसे एकदाच, 3000. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी ते ठीक. महिन्याच्या किराण्याला त्यांचा आधार नाही.

उत्पन्न न विचारणाऱ्या सवलती मात्र आजच घ्या. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर मोफत प्रवास. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. इथे वय सिद्ध करायला आधार कार्ड पुरतं, तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. आई सत्तरीची असेल तर पेन्शनचा अर्ज रेंगाळला तरी हे कार्ड आधी काढून ठेवा.