वायकीकीत जेवायचं कुठे: रिसॉर्टमध्ये की कापाहुलूच्या खिडकीवर?

हवाईतल्या ओआहू बेटावर वायकीकीला उतरलेल्या कुटुंबाला हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी पडतो. हॉटेलच्या खालीच, वाळूला लागून, ड्यूक्ससारखं ऐसपैस रेस्टॉरंट असतं. तिथे थाटमाट लागत नाही, अंगात कोरडा शर्ट आणि पायात चप्पल असली की झालं. तिथून साधारण दोन किलोमीटरवर, कापाहुलू अव्हेन्यूवर रेनबो ड्राइव्ह-इन आहे. १९६१पासून चालू असलेल्या या जागी खिडकीवर ऑर्डर द्यायची आणि भरलेला खोका घेऊन बाजूला व्हायचं.

आधी पैशांचं बोलू, कारण मेन्यूवरची किंमत आणि कार्डावर पडणारी रक्कम यांत बरंच अंतर असतं. रिसॉर्टमध्ये माशाची मुख्य डिश साधारण ४० डॉलर, माय ताय हे रमचं कॉकटेल १८ आणि दोघांत एक स्टार्टर २० धरा. दोन डिश, एक पेय आणि स्टार्टर मिळून ११८ झाले. त्यावर ओआहूवर ४.७१२ टक्के कर लागतो, म्हणजे साडेपाच डॉलर. १८ टक्के टिप सव्वाएकवीस. बिल १४५च्या घरात जातं. खिडकीवर दोन प्लेट लंच (भात, सॅलड आणि मांसाचा पदार्थ) आणि दोन थंड पेयं करासकट ४०च्या आसपास बसतात. काउंटरच्या मशीनवर टिपचा पडदा येतो, पण तिथे ती ऐच्छिक असते.

रिसॉर्टच्या बिलात दोन जागी खिसा कापला जातो. सहा किंवा जास्त माणसं असली की बऱ्याच ठिकाणी १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, आधीच जोडलेली असते, आणि खाली टिपची रिकामी ओळही असते. वरचं न वाचता ती भरली की टिप दोनदा जाते. दुसरं, मशीनने सुचवलेले टक्के कधीकधी कर धरून काढलेले असतात. टिप कराआधीच्या रकमेवर द्यायची. बिल खोलीच्या नावावर टाकलं तरी सही करताना हे तपासाच, कारण चेक-आउटच्या घाईत पंधरा ओळींचं बिल कोणी बघत नाही. मेन्यूवर ‘कामाआइना’ सवलत दिसली तर ती हवाईच्या रहिवाशांसाठी आहे, ओळखपत्र मागतात.

एवढे जास्त पैसे द्यायचे ते जागेचे, आणि जागेची किंमत सूर्यास्ताच्या आगेमागेच्या तासाभरातच वसूल होते. डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, आणि वायकीकीवरून तो थेट समुद्रात बुडताना दिसतो. जूनमध्ये सव्वासात होतात आणि तो पश्चिमेच्या डोंगरांकडे, जमिनीआड जातो. म्हणून सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीचं टेबल धरा. समुद्राकाठचं टेबल मागायचं तर आरक्षणाच्या वेळीच तसं लिहा. हमी मिळत नाही, पण न मागणाऱ्याला आतलं टेबल मिळतं. ते जमलं नाही तर बारकडे जा, तिथे बहुतेक ठिकाणी आरक्षण लागत नाही. हालेकुलानी हॉटेलच्या हाऊस विदाउट अ कीमध्ये संध्याकाळी किआवेच्या जुन्या झाडाखाली हवाईयन गाणी आणि हुला नाच असतो. दीडशे-दोनशे डॉलरचं लुआऊचं (नाचगाण्यासह मेजवानीचं) तिकीट काढण्याआधी हा पर्याय बघावा.

आपल्याकडची नऊ-साडेनऊची जेवणाची वेळ मात्र इथे नडते. काही ठिकाणी साडेआठनंतर स्वयंपाकघर आवरायला लागतं, आणि कापाहुलूवरच्या पोकेच्या (कच्च्या माशाच्या मसालेदार फोडींच्या) छोट्या दुकानांत दुपार टळली की चांगला मासा संपलेला असतो. पोके खायचा तर जेवणाच्या वेळेआधीच गाठा.

आता ताटात काय पडतं ते. मासा हीच रिसॉर्टची खरी ताकद. आही, माही-माही, ओनो यांतला त्या दिवशी आलेला मासा कोणता, हे वेटरला विचारा आणि साधा भाजून मागा. मॅकाडेमिया या सुक्या मेव्याचा थर आणि लोण्याचा सॉस आला की सगळे मासे सारखेच लागतात. बर्गर आणि टाको मात्र तिथे महाग आणि सामान्य. ड्यूक्सचा हुला पाय हा मॅकाडेमिया आइस्क्रीमचा उंच तुकडा असतो. खाली चॉकलेट बिस्किटाचा थर, वर गरम फज. तिघा-चौघांत एक पुरतो.

प्लेट लंचचा साचा ठरलेला: भाताचे दोन गोळे, मेयोनीज घातलेलं मॅकरोनी सॅलड आणि वर एक मांसाचा पदार्थ. भात मुद्दाम चिकट असतो. लोको मोकोत त्या भातावर बर्गरची टिक्की, अंडं आणि तपकिरी ग्रेव्ही येते. टिक्की गोमांसाची, ग्रेव्हीही बहुधा त्याचीच, चिली नावाच्या खिम्याच्या रस्स्यातही तेच. ज्यांना चालत नाही त्यांनी चिकन किंवा माशाची प्लेट घ्यावी, आणि ग्रेव्ही नको असं स्पष्ट सांगावं.

शाकाहारी मंडळींसाठी तुलना इथेच निकालात निघते, कारण खिडकीवर त्यांना फारसं काही मिळत नाही. मॅकरोनी सॅलडच्या मेयोनीजमध्ये अंडं, फ्राइड राइसमध्ये स्पॅम (डब्यातलं डुकराचं मांस) किंवा सॉसेज, साइमिन या नूडल्सच्या रस्स्यात सुक्या माशाचा अर्क, आणि फ्राइज बहुतेकदा कोळंबी तळलेल्या तेलातच काढलेले. लाऊलाऊची गुंडाळी अळूच्या पानांची असते, म्हणून अळूवडीच्या भरवशावर मागवाल तर आत डुकराचं मांस निघेल. रिसॉर्टमध्ये निदान बदल करून देतात. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच न म्हणता मासा, ऑयस्टर सॉस, फिश सॉस आणि अंडं नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. नाहीतर भाज्या ऑयस्टर सॉसमध्ये परतून येतात. कांदा-लसूण टाळणाऱ्यांना भात, भाजलेल्या भाज्या, फळं यांवर भागवावं लागतं. मेन्यूवर ‘उलू’ दिसला तर जरूर घ्या. तो आपल्या कोकण-गोव्यातला नीरफणसच, काप तळलेले छान लागतात. गोडात नारळाच्या दुधाचा हाऊपिया चालतो. पोई हा लगदा उकडलेल्या अळकुडीचाच, पण बेचव आणि किंचित आंबट असतो. आधी चमचाभर चाखा.

सोबत वयस्कर आई-वडील असतील तर रिसॉर्टच बरं: बसायला खुर्ची, जवळ स्वच्छतागृह, चालणं नाही. तेही दुपारी न्या, कारण दुपारच्या मेन्यूत दर उतरतात आणि टेबल सहज मिळतं. मुलं लहान असतील तर खोका घेऊन कापिओलानी पार्कमध्ये जा. हवाईतले समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरच्या वाळूवर बसून खायलाही कोणी अडवू शकत नाही. बीअर मात्र तिथे उघडू नका, होनोलुलूच्या बागांत आणि किनाऱ्यांवर मद्याला बंदी आहे.

चार रात्रींचा मुक्काम असेल तर आमचा कौल असा: रिसॉर्टला एकच संध्याकाळ द्या आणि तीही पूर्ण जेवणाशिवाय. डिसेंबरात पाचच्या, जूनमध्ये साडेसहाच्या सुमाराला बारपाशी जागा धरा, दोन स्टार्टर, एकेक पेय आणि एक हुला पाय घ्या. दोघांचं कर आणि टिपेसह शंभर-सव्वाशे डॉलरांत आटपतं. मद्य घेणाऱ्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. वय २१च्या वर दिसत असलं तरी मागतात, आणि फोनमधला फोटो दाखवून भागत नाही.