मांजरासाठीचा कडू स्प्रे, आठ महिन्यांनंतर: औषध बरं, नोझल भिकार

ताऱ्यांचं आधी सांगते. पहिल्या आठवड्यात चार दिले होते, डिसेंबरात संतापून एक केला, आज तीन करतेय. मधले दोन कुठून परत आले ते पुढे येईलच.

आमची ठमी, साडेतीन वर्षांची, गावठी, पांढरी. ती प्लास्टिक खाते. नुसतं चावून सोडून देत नाही, गिळते. वायरी, केसांचे रबर, गजऱ्याचा दोरा हे सगळं आहेच, पण खरा जीव दुधाच्या पिशवीवर. त्यातही कापलेल्या कोपऱ्यावर. सकाळी कात्रीने कापला की तो नखाएवढा तिकोनी तुकडा ओट्यावरून खाली पडतो. त्याला आतून सायीचा ओशटपणा असतो. ठमी तो पंजाने ढकलत फ्रिजच्या फटीपर्यंत नेते, तिथे कोंडते आणि मान वाकडी करून दाढेखाली घेते. तो करकर आवाज मी आता झोपेतही ओळखते. पिशव्या धुऊन, खिडकीच्या गजाला वाळत घालून रद्दीवाल्याला देण्याची आमच्याकडची पद्धत सासूबाईंपासूनची, त्यामुळे मेजवानी अख्खा दिवस टांगलेलीच.

गेल्या जुलैत एका दिवसात चार उलट्या, जेवण बंद आणि पलंगाखाली मुक्काम. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोंड उघडून जीभ वर केली. दोरा गिळलेल्या मांजराच्या जिभेखाली तो पुष्कळदा अडकलेला सापडतो म्हणे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे आत गेलेला दोरा तिला मनात असलं तरी सहज थुंकता येत नाही. आणि एक टोक बाहेर दिसतंय म्हणून आपण ओढायचं नाही, तोंडातून नाही आणि मागूनही नाही. नाडी ओढली की परकराला चुण्या पडतात तशा आतड्याला पडतात आणि ते चिरतं. हे ऐकून माझे हातपाय गार पडले, कारण गौरीच्या वेळी असा एक दोरा मी ओढून काढला होता. नशीब थोर.

एक्स-रेमध्ये प्लास्टिक धड दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी. अंगात रक्त कमी असलं तरी मांजरं भलतंसलतं खातात, म्हणून रक्ताची तपासणी. दोन्ही ठीक निघालं. तुकडा दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने बाहेर आला. बिल 2,850 रुपये. डॉक्टरांनी या खोडीला पायका म्हणतात असं सांगितलं, आणि वस्तू उचलून ठेवा, तिच्याशी खेळा, हवं तर कडू स्प्रे वापरा, या क्रमाने तीन गोष्टी सांगितल्या. मी अर्थातच तिसरीपासून सुरुवात केली. ती विकत मिळत होती ना.

120 मिलीची बाटली, 399 रुपये. आत डेनाटोनियम. 1958 साली स्कॉटलंडमध्ये सुन्न करण्याच्या औषधांवर काम चालू असताना हे अवचित हाती लागलं. जगातल्या सगळ्यात कडू पदार्थांत याची गणना होते. नखं खाणाऱ्या पोरांच्या बोटांना लावायच्या औषधात हेच असतं. मांजराला गोड कळतच नाही, पण कडू चांगलं कळतं, त्यामुळे गणित बरोबर होतं. चार्जरच्या वायरीवर मारलं (बटण बंद करून, प्लग काढून, पूर्ण वाळू देऊन; चालू वायरीवर मारायची चूक कोणी करू नका). ठमीने एकदा चाटलं, तोंडाला फेस आणला, माझ्याकडे दुष्टपणे पाहिलं आणि वायर सोडली. चार तारे!

आता कटकट. हे हाताला लागतं. डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, साबणाच्या एका हाताने जात नाही. फोन चार्जिंगला लावून मी पोळ्या लाटायला बसले आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने पोळीचा पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहिलं. अगदी ठमीसारखं.

पण ते मी सोसलं असतं. नोझल नाही सोसलं. पिळून चालू-बंद करायचं ते लाल टोपण तिसऱ्या महिन्यात गळायला लागलं. दाबलं की निम्मं पुढे, निम्मं मनगटावरून कोपरापर्यंत. 399 रुपयांतलं निदान 150 रुपयांचं औषध माझ्या बाहीने प्यायलं असेल. डिसेंबरात दांडा तुटलाच. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की पंप हा झिजणारा भाग आहे, त्याला वॉरंटी नाही. अहो, झिजायला तो काय जात्याचा दगड आहे? दहा रुपयांच्या काच पुसायच्या बाटलीचा पंप आमच्याकडे सहा वर्षं चालतोय. चार वेळा लिहिलं, चारही वेळा तेच वाक्य, खाली हसरा चेहरा. दुसरी बाटली घ्या, 10 टक्के सूट देतो म्हणाले. नोझल तेच! एक तारा.

मग राहिलेलं औषध मी गुलाबपाण्याच्या रिकाम्या स्प्रे बाटलीत ओतलं. फवारा बारीक, थेंबाची गळती नाही, आणि निम्म्या औषधात तेवढंच काम. एक तारा इथे परत आला. फक्त लेबल काढायचं राहिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी त्याच बाटलीने आलेल्या अकरा बायकांच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडलं आणि वर तिळगूळ दिला. गोड बोलायला कोणी थांबलं नाही. बाटलीवर आता मार्करने कवटी काढली आहे.

आणि आता मूळ मुद्दा, जो मला फार उशिरा कळला. स्प्रे वस्तूला लागतो, खोडीला लागत नाही. वायर सुटली, पण वेळ तेवढाच उरला, मग तिने दारातल्या पायपुसण्याच्या दशा धरल्या. दुधाच्या पिशवीवर तर तो मारताच येत नाही, मारलेली पिशवी धुवायची कोणी? शेजारच्या काकूंनी नीलगिरीचं तेल लावायला सुचवलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते जवळपास ओरडलेच. मांजराच्या यकृताला असली तेलं नीट पचवता येत नाहीत, चाटण्यातून विषबाधा होते.

कामाला आलेल्या दोन गोष्टी फुकटच्या निघाल्या. पहिली नवरात्रात सापडली. घटाचं धान सहाव्या दिवशी वीतभर आलं आणि सातव्या दिवशी सकाळी एका बाजूने साफ. सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पण त्या दोन दिवसांत तिने पिशवीकडे ढुंकून पाहिलं नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं. तेव्हापासून आइस्क्रीमच्या डब्यात मूठभर गहू तिच्या नावाचे पेरले जातात, आणि पेरतात सासूबाईच.

दुसरी गोष्ट आप्पेपात्र. कोटिंग गेलेलं, भंगारात द्यायला काढलेलं. सात खळग्यांत तिचे सुके दाणे थोडे थोडे टाकायचे आणि वर पिंगपाँगचे चेंडू ठेवायचे. एकेक चेंडू ढकलून खायला तिला पंधरा मिनिटं लागतात, नंतर बाईसाहेब सरळ झोपतात. संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं काठीला चिंधी बांधून पळवते. चिंधी खेळ झाला की कपाटात, नाहीतर तीच पोटात.

तरी मग तिसरा तारा कशाचा? वायरींचा. मार्चमध्ये औषध संपलं आणि तीन आठवड्यांत नव्या चार्जरवर दातांचे ठसे दिसले. म्हणजे तेवढ्या एका कामाला ते लागतंच, दर आठ-दहा दिवसांनी मारावं लागतं, आणि विजेच्या वायरीशी मला पैज लावायची नाही. दुसरी बाटली मागवली आहे. 10 टक्के सूट घेतली. नोझल आल्या दिवशी काढून फेकलं.

पिशवीचं उत्तर तर आमच्या दूधवाल्याने दिलं. कोपरा पूर्ण कापायचाच नाही, अर्धी चीर द्यायची, टोक पिशवीलाच लटकतं ठेवायचं. पिशव्या आता वाळल्या की झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. काल रद्दीवाल्याने सहा महिन्यांच्या पिशव्यांचे 24 रुपये दिले. ते घेताना 2,850 आठवले, पण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.