किसिंजर वाचायचाय: आयझॅकसन की फर्ग्युसन?

निक्सनच्या काळात अमेरिकेचं परराष्ट्र धोरण चालवणाऱ्या हेन्री किसिंजरचं एकच जाडजूड चरित्र वाचायची तयारी असेल, तर निवड बहुधा या दोघांत होते: वॉल्टर आयझॅकसन (१९९२) किंवा नायल फर्ग्युसन (२०१५). मी दोन्ही वाचली आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीत फर्ग्युसनचं पारडं जड. खुद्द किसिंजरच्याच सुचवण्यावरून लिहिलेलं चरित्र असल्यामुळे खासगी दप्तर त्याला खुलं होतं. १९३८ साली जर्मनीतून पळालेला ज्यू मुलगा अमेरिकी सैनिक होऊन तिथेच परततो आणि एप्रिल १९४५ मध्ये हानोफरजवळच्या आलेम छळछावणीत पोचतो, हा भाग तर सुरेखच.

पण पुस्तक संपतं १९६८ला! अध्यक्षपदी नुकताच निवडून आलेला निक्सन त्याला सुरक्षा सल्लागार नेमतो आणि पडदा. हजारेक पानं वाचायची आणि कंबोडियावरचे बॉम्ब नाहीत, चिलीतला लष्करी उठाव नाही, बांगलादेश नाही. ज्या कारणांसाठी माणसं आजही या गृहस्थावरून हमरीतुमरीवर येतात, त्यातलं बहुतेक सगळं पुढच्या खंडावर सोडलेलं. वर शीर्षकातच त्याला 'आदर्शवादी' ठरवून मोकळे. तरुणपणापुरतं ते पटेलही कुणाला. मला मात्र शेवटपर्यंत वकीलपत्र वाचत असल्यासारखं वाटलं.

आयझॅकसन किसिंजरशी भरपूर बोलला, पण त्याच्या ओंजळीने पाणी प्यायला नाही. स्वतःच्याच सहकाऱ्यांचे फोन टॅप करणारा किसिंजर इथे भेटतो. जुलै १९७१ची ती पोटदुखीही: दिल्लीहून इस्लामाबादला जायचं, पोट बिघडलंय म्हणून नथियागली या थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीला गेल्याची आवई उठवायची आणि पाकिस्तानी विमानाने गुपचूप चीनमधलं पेकिंग (आजचं बीजिंग) गाठायचं. मध्यस्थ पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान. त्याच वेळी पूर्व पाकिस्तानात त्याचं लष्कर कत्तली करत होतं. डिसेंबरात अमेरिकेची विमानवाहू नौका 'एंटरप्राइझ' बंगालच्या उपसागराकडे का निघाली, याचा धागा इथून लागतो.

पुस्तक जुनं आहे, हे खरं. इंदिरा गांधींबद्दल निक्सन-किसिंजर काय भाषेत बोलत होते, ते २००५ साली उघड झालं; ते यात कुठून असणार? पुढची तीसेक वर्षंही नाहीत. किसिंजर गेला २०२३ मध्ये, शंभराव्या वर्षी.

ज्याची त्याची आवड. शीतयुद्धाच्या वैचारिक घडणीत रस असलेल्याला फर्ग्युसनच भावेल. मी सांगेन, आयझॅकसन विकत घ्या. फर्ग्युसन ग्रंथालयातून आणा आणि युद्धाची प्रकरणं तेवढी वाचून परत करा.