बॉनेटमधून धूर आला: गार करायची, हळूहळू न्यायची की टोचन लावायचं?

सुट्टीच्या दिवशी दुपारी पसरणीच्या घाटात एखादी तरी गाडी बॉनेट उघडून कडेला उभी दिसतेच. भोवती चार जण आणि चौघांची चार निदानं. एक म्हणतो पाणी ओता, दुसरा म्हणतो काही होत नाही, पाचगणी आलीच, चला. जुनी गाडी असेल तर मालकाकडे त्या वेळी तीनच पर्याय असतात: गार करून पुढे निघायचं, सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची, नाहीतर किल्ली काढून टोचनाची वाट बघायची. धूर किती मोठा आहे त्यावरून हे ठरवायला गेलं की हमखास उलटा निर्णय होतो. भपकन येणारा पांढरा लोट दिसायला भयंकर, पण आत बसलेल्यांना त्याचा धोका त्यातल्या त्यात कमी. डॅशबोर्डखालून निघणारी करडी, बारीक रेघ मात्र सगळ्यात वाईट.

रंगावरही फार जाऊ नका. भर उन्हात निळसर काय आणि पांढरा काय, फरक कळत नाही. नाकावर विश्वास ठेवा, मग डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बघा, आणि मग गाडीतलं काय कमी झालंय ते तपासा.

वाफ आणि ऑइलचा धूर

कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात त्या द्रवाची, वाफ गोडसर असते. कराडकडे गुऱ्हाळाजवळून जाताना नाकात शिरतो तसला जड गोडवा. ती हवेत पटकन विरते, काचेवर चिकट थर सोडते, आणि बहुतेक वेळा तापमानाचा काटा वर चढलेला असतो. ऑइलचा धूर रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो, आणि गाडी थांबल्यावर जास्त जाणवतो. चालत्या गाडीत वारा त्याला खालून मागे नेतो. आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलात की बॉनेटच्या मागच्या फटीतून निळसर झुळूक वर येते, काटा मात्र जागचा हललेला नसतो.

जुन्या गाड्यांत या ऑइलच्या धुराचं नेहमीचं कारण म्हणजे टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग. रबर कडक होतं, कडेने ऑइल झिरपतं आणि गरम एक्झॉस्टवर थेंब थेंब पडून जळतं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल आणि गळती झिरपण्याइतकीच असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. ऑइलचा लाल दिवा लागला असेल किंवा ऑइल वाहताना दिसत असेल, तर मात्र एक मीटरही नको. ऑइल नसलेलं इंजिन बघता बघता जाम होतं, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइलची धार म्हणजे आगीला आमंत्रण. कालच सर्व्हिसिंग झालं असेल तर वेगळी गोष्ट: भरताना सांडलेलं ऑइल थोड्या अंतरात जळून जातं. पावसात डबक्यातून गाडी काढल्यावर येणारी बिनवासाची वाफही अशीच, तिची काळजी नको.

वाफेचं गणित जरा वेगळं. पाणी आणि कूलंट निम्मंनिम्म असेल तर ते मिश्रण साधारण १०६-१०७ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून प्रत्यक्षात हा आकडा १२० च्या पुढे जातो. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला. त्यात आपल्याकडे वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरायची सवय, आणि पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर. तिथे उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. वाईपासून बारा-तेरा किलोमीटरमध्ये जवळपास ६०० मीटर चढायचं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, आत पाच माणसं. काही शे रुपयांचं झाकण तिथे दगा देतं आणि लोक थेट इंजिन गेलं म्हणून धरून चालतात.

काटा नुसता चढायला लागला असेल आणि अजून वाफ नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर जाते. वाफ दिसली की मात्र कडेला घेऊन इंजिन बंदच. किमान अर्धा तास रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्या दाबाखालचं पाणी उसळून हात-तोंड भाजतं. वरचा होस पाइप हाताला गार आणि मऊ लागला की जाड फडकं धरून झाकण आधी अर्धंच फिरवा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे सिलिंडरवर बसवलेल्या इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर थोडं थोडं भरा. आणि काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका: पाणी पूर्ण संपलं की सेन्सरला पाणी लागतच नाही, मग काटा काहीही दाखवतो.

घाटात तापते की हायवेला?

पुढे जायचं की नाही आणि मिस्त्रीला काय सांगायचं, दोन्ही या एका प्रश्नावर ठरतं. हायवेला नीट चालणारी गाडी गर्दीत, घाटाच्या जाममध्ये तापत असेल, तर पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर. वेगात वारा जाळीतून आपोआप जातो, उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर. फ्यूज, रिले, थर्मो स्विच, मोटर, याच क्रमाने बघायला सांगा. स्वस्तापासून महागाकडे जाणारा क्रम आहे हा. अशी गाडी गार करून, पाणी भरून, मोकळ्या रस्त्याने नेता येते.

उलट, जाममध्ये ठीक पण खंबाटकीच्या चढाला किंवा हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असतो, थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असतो किंवा वॉटर पंप दमलेला असतो. बोअरचं जड पाणी भरून भरून आत क्षार साचतात, ते नुसत्या फ्लशिंगने दर वेळी निघत नाहीत. ही गाडी गार करून पुन्हा चढाला घालणं म्हणजे तोच तमाशा दोन वळणांनंतर. उताराच्या दिशेने परत फिरा.

तिसरा प्रकार: कुठेही गळती दिसत नाही, पण दर आठवड्याला पाणी कमी होतं, सायलेन्सरमधून सकाळच्या धुक्यापुरता नव्हे तर सतत पांढरा धूर येतो, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. म्हणजे हेड गॅस्केट गेलं, हेड आणि खालच्या इंजिनमधलं पॅकिंग. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर संशय बळावतो. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही नुसत्या दमटपणाने तिथे थोडा फेस धरतो, तेवढ्यावरून हेड उतरवायला परवानगी देऊ नका. डिपस्टिकलाही तोच दुधाळपणा असेल, तर गाडी चालवायची नाही. टोचन.

वायर जळाली तर

इथे तुलनाच संपते. प्लॅस्टिक जळाल्याचा उग्र वास, बारीक करडा धूर, कधी दिवे मिणमिणतात, कधी हॉर्न बंद. काटा जागेवर, ऑइल जागेवर. लगेच इंजिन बंद, सगळ्यांना खाली उतरवा, गाडीपासून लांब. ज्वाळा नसतील आणि बॉनेट हाताला गरम लागत नसेल, तरच उघडून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बऱ्याच छोट्या गाड्यांना त्यासाठी दहा नंबरचा पाना पुरतो. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट पूर्ण उघडू नका, आत हवा जाऊन भडका उडतो. ११२ लावा, राष्ट्रीय महामार्गावर अडकला असाल तर १०३३ सुद्धा आहे. धूर थांबला म्हणून ‘चालू होतेय का बघू’ हा प्रयोग करायचा नाही.

कारणं बहुतेक वेळा आपणच आणलेली असतात: रिलेशिवाय जोडलेले मोठे हॉर्न, जादा दिवे, फ्यूज सतत उडतो म्हणून त्याच्या जागी घातलेली तार. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर भर घालतात. पेट्रोलचा वास येत असेल तरी नियम हाच, धूर असो वा नसो: इंजिन बंद, सगळे खाली, गाडीपासून लांब. आणि ओम्नीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं: तुमचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. धूर बॉनेटमधून न येता थेट आत येईल, तेव्हा विचार करत बसू नका.

क्लच जळाल्याचा वासही घाटात अनेकांना वायरचा वाटतो. यवतेश्वरच्या चढाला, कासच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की तो येतोच. फरक असा की तो चढाला क्लच खेळवल्यावरच येतो आणि पंधरा-वीस मिनिटं थांबलं की जातो. नंतर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट संपत आली. क्लच अजून धरत असेल तर साताऱ्यापर्यंत याल. पुढचा घाट टाळा.

दुरुस्त करायची की काढून टाकायची

झाकण, होस पाइप, पंख्याची मोटर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, यांसाठी कोणी गाडी विकत नाही. वायरिंगचं काम साध्या मिस्त्रीऐवजी वायरमनकडे द्या, रेडिएटरचं रेडिएटरवाल्याकडे. टेप गुंडाळून देणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही.

खरा प्रश्न हेडचा. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असेल तर लेथवर फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यावं लागतं, आणि नुसतं गॅस्केट बदलून बंद केलेलं काम थोड्याच दिवसांत परत उघडावं लागतं. म्हणून हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासून घ्या. सगळे सिलिंडर कमजोर निघाले, तर हेडवरचा खर्च वाया. एकच किंवा शेजारचे दोन कमी दाखवत असतील, तर गॅस्केटचं काम करण्यात अर्थ आहे.

दुसरं, आरसी बुक काढून तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे फिटनेस दाखवून ५-५ वर्षांनी वाढते. १५ वर्षांनंतरच्या पहिल्या फेरनोंदणीची कारची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, हरित कर वेगळा. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे अगदी शेवटच्या गाड्याही २०२९ च्या सुमारास या दारात उभ्या राहणार. मुदतीला चार-सहा महिनेच उरले असतील, तर हेडचा खर्च, फी, कर आणि टायर एकत्र मांडून मगच मिस्त्रीला हो म्हणा. मुदत नुकतीच वाढवून घेतली असेल, बॉडी गंजलेली नसेल आणि कॉम्प्रेशन ठीक असेल, तर मी हेडचं काम करून गाडी ठेवेन. तापलेलं इंजिन तसंच ठेवून विकायला काढलं की गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्तच भाव पाडतं.