माझाच अर्ज क्रमांक, माझाच लोगो आणि १८,८८० रुपयांचा चुना

ट्रेडमार्कसाठी अर्ज केलेल्या प्रत्येकाने हे वाचा. अर्ज केला नसेल, पण जीएसटी नंबर, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), शॉप अ‍ॅक्ट यातलं काहीही तुमच्या नावावर असेल तरी वाचा. सरकारी वाटणारं पत्र पाठवून पैसे उकळतात; पत्राच्या डोक्यावरचं नाव तेवढं बदलतं, बाकी धंदा एकच.

माझे गेले १८,८८० रुपये. १६,००० फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,८८०. आकडा मुद्दाम फोडून सांगतेय, त्याचं कारण पुढे येईल.

आमचा सांगली जिल्ह्यात कांदा-लसूण मसाल्याचा लहान उद्योग आहे. सासूबाईंच्या नावाने मसाला विकतो. मागच्या हंगामात शेजारच्या तालुक्यातल्या एकाने तसंच पाऊच, तसाच रंग आणि नावात एका अक्षराचा फरक करून माल बाजारात आणला. म्हणून एजंटमार्फत ट्रेडमार्कचा अर्ज केला. वर्ग ३० (मसाले त्यात येतात), सरकारी फी ४,५०० (एकट्या मालकाला आणि लघुउद्योगाला एवढीच लागते, मोठ्या कंपनीला ९,०००) आणि एजंटचे ३,५००. मध्ये एक आक्षेप आला, त्याला उत्तर दिलं, मग नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आलं. एजंटने मेसेज टाकला, ‘अभिनंदन, आता चार महिने थांबायचं.’ चार महिन्यांनी काय होणार, पैसे लागणार की नाही, याबद्दल चकार शब्द नाही. एजंट लोकांनो, दोन ओळी जास्त लिहायला तुमचं काय जातं?

त्या चार महिन्यांतच पत्र आलं. स्पीड पोस्टाने, खाकी पाकीट, पत्ता दिसायला खिडकी. जाड कागद, वर चक्र आणि दोन्ही बाजूंना पानांची नक्षी, खाली ‘नॅशनल’, ‘इंटलेक्चुअल प्रॉपर्टी’, ‘रजिस्टर’ असे भारदस्त शब्द जोडून केलेलं नाव. मध्ये चौकटीत माझा लोगो छापलेला, रंगासकट. त्याखाली अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, जर्नलचा क्रमांक, वर्ग, माझं पूर्ण नाव, कारखान्याचा पत्ता. सगळं अगदी बरोबर. आणि मजकूर असा, की प्रकाशन व नोंदणीची फी अमुक तारखेपर्यंत न भरल्यास नोंद पूर्ण होणार नाही. अमुक तारीख म्हणजे येणारा सोमवार. पत्र हातात पडलं शनिवारी दुपारी.

आता ज्यांना ‘बीकॉम शिकलेली बाई फसतेच कशी’ असं वाटतंय, त्यांनी जरा एप्रिल महिन्यात मसाल्याच्या कारखान्यात येऊन बघावं. दारात संकेश्वरी मिरचीची पोती, बायका देठ खुडतायत, डंक चालू, वर व्यापारी दर वाढवून मागतोय. एजंटला फोन लावला, उचलला नाही. परत लावला, बंद. डोक्यात एकच, सासूबाईंचं नाव त्या चोराच्या हातात जाईल.

मी शंका घेतली नाही असं नाही. पत्रातला अर्ज क्रमांक माझ्या पावतीशी ताडून पाहिला, एकेक आकडा. जर्नलचा क्रमांक एजंटच्या मेसेजशी ताडला. जुळलं. आणि तिथेच मी निर्धास्त झाले. आता कळतंय की मी चुकीचीच गोष्ट तपासत होते. ट्रेडमार्कचा अर्ज केला की तुमचं नाव, पत्ता, लोगो, क्रमांक, अर्ज कुठवर आला, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं. जर्नल दर सोमवारी निघतं. त्यातून नावं उचलायची, छापायची, पाकिटात घालायची. पत्रातली माहिती खरी आहे याचा अर्थ पाठवणाऱ्याला वाचता येतं, एवढाच! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर? कायदा म्हणतो नाव जाहीर करा म्हणजे हरकत असणाऱ्याला ती त्या चार महिन्यांत घेता येईल. ठीक आहे. मग अर्जाच्या पावतीवरच ठळक अक्षरांत छापा की तुमची माहिती आता चोरांनाही दिसणार आहे.

त्या २,८८० रुपयांचं सांगते. सरकारी ट्रेडमार्क फीवर जीएसटी नसतो. माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये, त्याच कपाटात, आधीची ४,५०० ची पावती होती आणि तिच्यावर जीएसटीची ओळच नव्हती. एजंटच्या बिलावर होती ती त्याच्या ३,५०० वर, सरकारच्या पैशावर नाही. दर महिन्याला मी जीएसटीची बिलं लावते. आणि मी काय केलं? जीएसटी दिसल्यावर मला बरं वाटलं! म्हटलं, चला, २,८८० चं इनपुट क्रेडिट तरी मिळेल, म्हणजे तेवढा जीएसटी आपल्या करातून वळता होईल. अजून रात्री हे आठवलं की उठून बसते.

मी सावध व्हायला हवं होतं अशी दुसरी जागा बँकेच्या अ‍ॅपमध्ये. एप्रिल २०२५ पासून एनईएफटीने पैसे पाठवताना समोरचं खातं खरोखर कुणाच्या नावावर आहे ते बँकेने आपल्याला दाखवायचं असतं. मलाही दिसलं. पत्रात ते लांबलचक सरकारी वाटणारं नाव आणि पडद्यावर कुणा बाईचं नाव, पुढे ‘एंटरप्रायझेस’. मी थांबले. खरंच थांबले. मग मीच मनाशी म्हटलं, हल्ली सगळी कामं बाहेर दिलेली असतात, पासपोर्टचे कागदसुद्धा खासगी कंपनीची माणसं तपासतात, हेही तसंच असेल. आणि बटण दाबलं. माझ्या मालकांना (नवऱ्याला) मी तेव्हा हे दाखवलं होतं, तेही ‘असेल’ म्हणाले. आता मात्र पाहुण्यांसमोर ‘हिने भरले’ असं सांगतात.

ट्रेडमार्कची फी पोर्टलवर लॉगिन करून किंवा थेट ट्रेडमार्क कार्यालयातच भरली जाते. एजंट असेल तर सरकारी पत्रव्यवहार त्याच्याकडे जातो, तुमच्या कारखान्यावर खाकी पाकीट येत नाही. जर्नलमध्ये छापायची वेगळी फी नाही. सर्टिफिकेटची वेगळी फी नाही, ते ईमेलने येतं. पुढचा खर्च थेट दहा वर्षांनी, नूतनीकरणाचा.

फसवणूक कळली कशी? आमच्या टॅक्सवाल्यांच्या ऑफिसातली मुलगी मेच्या मध्यावर फोन करून म्हणाली, ‘काकू, हे १८,८८० चं बिल टू-बीमध्ये दिसत नाहीये, आणि यांचा जीएसटी नंबर चौदाच अक्षरांचा आहे.’ टू-बी म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. नंबर पंधरा अक्षरांचा असतो. मला माहीत आहे. माझा पाठ आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कुणाचाही नंबर टाकून पाहता येतो, अर्धा मिनिट लागतो. दहा हजारांची मिरची घेतानासुद्धा मी नव्या व्यापाऱ्याचा नंबर तिथे टाकून बघते. सरकारचा बघावा असं कुणाच्या मनात येईल?

मग पत्र उलटंसुलटं करून भिंगाने वाचलं. पाठीमागे, तळाला, फिक्या राखाडी अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं, की ही एका खासगी नोंदवहीत नाव छापण्याची ‘ऑफर’ आहे, पैसे भरण्याचं बंधन नाही, आमचा सरकारशी संबंध नाही. आणि वर सिंह का नव्हते, चक्र का होतं, तेही लक्षात आलं. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. सिंह छापले असते तर आयते अडकले असते. चोर कायदा वाचून आलेला होता, मी मात्र पत्राचं पाठपान वाचलं नव्हतं.

त्यापुढे जे झालं त्याने जास्त मनस्ताप दिला. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. तोपर्यंत पैसे जाऊन महिना होत आला होता. त्या खात्यात उरलेले ६४० रुपये गोठवले. तेवढेच. आणि ते परत हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा मला सांगितलं. ६४० रुपयांसाठी वकील!

बँकेत गेले तर साहेब म्हणाले, ‘मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झालाय.’ नाव वेगळं दिसत असताना तुमचं अ‍ॅप एक लाल खूण का दाखवत नाही, विचारलं. ‘सूचना वरून येतात.’ लेखी द्या म्हटलं तर तेही वरूनच येतं.

पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. मग एकाने पत्र वाचलं आणि नेमकी ती राखाडी ओळ मलाच वाचून दाखवली. ‘ताई, यात लिहिलंय की ऑफर आहे. तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना पैसे? मग हा दिवाणी मामला झाला.’ मी म्हटलं, साहेब, जीएसटी नंबर खोटा आहे, खोटा कर लावून पैसे घेतलेत, हे तरी दिवाणी नाही ना? ‘ते जीएसटीवाल्यांना सांगा.’ जीएसटीवाले म्हणाले, नंबर ०७ ने सुरू होतोय म्हणजे दिल्लीचा, आमच्याकडे येत नाही. आणि मुळात नंबर अस्तित्वातच नाही तर कारवाई कुणावर करणार? परत पोलीस. ‘खातं दिल्लीचं आहे ताई, तिकडे जाऊन तक्रार द्या.’ मिरची सोडून मी दिल्लीला जाऊ? आणि सगळ्यात कळस म्हणजे एक हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘अठरा हजारच गेलेत, लोकांचे अठरा लाख जातात.’ आमच्याकडे खुडायला येणाऱ्या बाईला अठरा हजार मिळवायला किती पोती लागतात ते त्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, पुन्हा तिथेच जायचं होतं.

हे एकट्या भारतातलं नाही. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने अशा पत्रांचे नमुनेच संकेतस्थळावर लावून ठेवलेत. अमेरिकेत असाच सरकारी वाटणाऱ्या नावाने ट्रेडमार्कधारकांना पत्रं पाठवणाऱ्याला २०२१ मध्ये चार वर्षांहून जास्त कैद झाली. तिकडे कैद होते, इकडे मला ‘दिवाणी मामला’ ऐकवतात.

माझं झाल्यावर गावात विचारलं तर एकेकाचं बाहेर यायला लागलं. लाजेने गप्प होते सगळे. माझ्या दिराच्या फॅब्रिकेशनला ‘उद्यम नूतनीकरण’ म्हणून ईमेल आला, त्याने २,९५० भरले. उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे, जुलै २०२० पासून आहे आणि तिचं नूतनीकरण नसतंच. सरकारी पत्ता उद्यमरजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसलेली हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं शोधात वर येतात कारण त्यांनी जाहिरातीचे पैसे मोजलेले असतात.

जीएसटीची नोटीस किंवा समन्स ईमेलने आलं तर त्यातल्या नंबरावर फोन करू नका. केंद्रीय जीएसटीच्या पत्रावर वीस अक्षरांचा डीआयएन (त्या पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या) संकेतस्थळावर टाकून बघा. पोर्टलवरून निघालेल्या नोटिशीवर संदर्भ क्रमांक असतो, तोही जीएसटी पोर्टलवर पडताळता येतो. लॉगिन केल्यावर नोटीस दिसत नसेल तर आधी तुमच्या टॅक्सवाल्यांना विचारा, घाबरून पैसे भरू नका.

शनिवारी येणारं आणि सोमवारची मुदत देणारं पत्र बाजूला ठेवा, सोमवारी एजंट फोन उचलतोच. सरकारी फी कुणा ‘एंटरप्रायझेस’च्या चालू खात्यात जात नाही. पाकीट फेकू नका, त्यावरचा स्पीड पोस्टाचा बारकोड म्हणजे पत्र कुठून निघालं याचा पुरावा. मी फेकलं होतं, पोत्याखालून शोधून काढलं.

पैसे गेलेच असतील तर नवऱ्याशी, बायकोशी, एजंटशी भांडण नंतर. आधी १९३०. पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम पुढे सरकायच्या आत अडकू शकते. मग बँकेत लेखी अर्ज, पोचेच्या शिक्क्यासह. पोलीस हद्दीचं कारण सांगायला लागले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ काढून दाखवा, गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती त्यांनी नोंदवायची आहे. तरीही नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे सगळी हकिकत लिहून पोस्टाने थेट जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. माझा अर्ज गेलाय. स्पीड पोस्टानेच पाठवलाय, पावती फाइलला लावली आहे.